अंगठ्यावर मोटार?

महोदय,

पुतण्याला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जुनी मारुती व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवर चालवायची आहे. सरावाला जागा सुचवली बाणेर रस्ता! २०१७ मध्ये इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर निस्सान जीटी-आर अशीच ताशी २११ किलोमीटरने धावली, हा त्याचा दाखला. पण तिथे ट्रॅक मोकळा होता, गाडीत कोणी नव्हते; कंट्रोलर धरणारा वर हेलिकॉप्टरमध्ये होता. स्टिअरिंगचे चाक पूर्ण वळवायला दोन-तीन फेरे लागतात, कंट्रोलरची दांडी मात्र अंगठ्याने जेमतेम सेंटिमीटरभर हलते. अंगठा घसरला की गाडी दुभाजकावर. पोरांची हौस मारू नये. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. अशा संस्थांनी सुटीच्या दिवशी देखरेखीखाली विद्यार्थ्यांना बंदिस्त ट्रॅक द्यावा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे