जाळीतून न गळणाऱ्या लाटा

अहमदाबाद,
७ डिसेंबर २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

भाऊबीजेला फोनवर तू विचारलंस, "तुमचा तो नवा उपग्रह टोमॅटोचा भाव सांगतो का रे?" मागे क्रेट आपटल्याचे आवाज येत होते, तुला घाई होती, म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. भाव नाही सांगत, बाबा. तो काय सांगतो, ते सांगायला फोन पुरणार नाही, म्हणून हा कागद. वहिनींना वाचून दाखवू नकोस. म्हणतील, भावजींचं सातवीतलं वेड अजून गेलेलं नाही. आणि ते खरंच आहे, हीच पंचाईत.

सातवीच्या उन्हाळ्यात आपण डबलसीट खोडदला गेलो होतो, आठवतं? चढावर तू उतरून मागून ढकलत होतास. तेव्हा तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ताटल्या एकेक करून उभ्या राहत होत्या. ४५ मीटर व्यासाची ताटली म्हणजे काय, ते जवळ गेल्याशिवाय कळलंच नव्हतं. आणि कुंपणाच्या तारेला नाक लावून तू काय म्हणालास? "अरे, ही तर सगळी भोकंच भोकं! यात पाणी तरी राहील का?" मला उत्तर आलं नाही. सोमवारी विज्ञानाच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "चाळणीतून भगर खाली पडते, भोपळा पडतो का?" ताऱ्यांकडून येणारी ती रेडिओलहर म्हणजे भोपळा. हातभर लांबीची लाट बोटभर भोकातून जात नाही, तिच्या लेखी जाळी म्हणजे भिंतच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून ताटली हलकी ठेवता येते. ही दुर्बीण उभारणाऱ्या डॉ. गोविंद स्वरूपांची ती करामत होती, हे फार नंतर कळलं. तुझ्या त्या एका प्रश्नावर माझं आयुष्य बेतलं गेलं आणि तू मात्र आरामात द्राक्षबाग केलीस.

आता पुढचं ऐक. गेल्या ३० जुलैला संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही रॉकेटने तुझा तो नवा उपग्रह, निसार, वर नेला. इस्रो आणि नासाचं हे जोडकाम. २३९२ किलोचं धूड, त्यात दोन रडार. २४ सेंटिमीटर लांबीच्या लाटेचं रडार अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचं, आणि सुमारे १० सेंटिमीटरच्या लाटेचं आमच्या अहमदाबादचं. त्यात माझा वाटा खारीचा, तोही आलेल्या आकड्यांची निवड-टिपण करण्यापुरता. पण खारीलासुद्धा झोप लागत नाही रे.

कारण रॉकेट सुटलं म्हणजे काम झालं असं नसतं. निसारची ताटली १२ मीटर व्यासाची, आणि ती मिटलेल्या छत्रीसारखी घडी करून वर पाठवलेली. आधी ९ मीटरचा हात एकेका सांध्यात उघडायचा, मग त्या टोकाला छत्री उघडायची. तिथे काडी अडकली तर कोण सोडवणार? १५ ऑगस्टला ती उघडली. वजन जेमतेम ६४ किलो, म्हणजे तुझ्याहून कमी, आणि ताटली कशाची? जाळीची! सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक तारांची विणलेली जाळी. तिचा फोटो पाहिला आणि मला खोडदचं कुंपण आठवलं, तुझं नाक आठवलं. टेबलावर चहा निवत होता आणि मी एकटाच हसत होतो.

आता ती जाळी करते काय? खोडदच्या ताटल्या नुसत्या ऐकतात, स्वतः चकार शब्द काढत नाहीत. निसार मात्र ओरडतो आणि मग ऐकतो. नाणेघाटात उभं राहून आपण हाका मारायचो आणि कड्यावरून आवाज परत यायचा, तसं. रडारची हाक ७४७ किलोमीटरवरून खाली येते, जमिनीला, पिकाला, डोंगराला लागून परत जाते. ओल्या मातीचा पडसाद वेगळा, कोरड्याचा वेगळा, भाताच्या उभ्या ताटांचा आणखी वेगळा. त्याला उजेड लागत नाही आणि ढगाची अडचण नाही.

हे ढगांचं का महत्त्वाचं ते तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण माझी उमेदीची बरीच वर्षं त्यात गेली. साध्या कॅमेऱ्याचे उपग्रह आपल्याकडे उत्तम आहेत. १७ मार्च १९८८ ला बैकानूरहून आयआरएस-१ए गेला, तेव्हापासून ही परंपरा आहे. त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. १९७० च्या सुमाराला प्रा. पिशारोटींनी केरळात हेलिकॉप्टरमधून माडांच्या बागांचे फोटो काढले, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर. निरोगी पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं, आजारी पान कमी. 'रूट विल्ट' हा मर रोग लागलेले माड त्या फोटोत वेगळे उमटले. आपल्याकडचं दूरसंवेदन, म्हणजे वरून जमिनीची पाहणी, सुरू झालं ते असं, नारळाच्या झाडावरून. तर हे कॅमेरे चांगलेच, पण जून उजाडला की सह्याद्रीचं चित्र म्हणजे नुसता पिंजलेला कापूस. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाचा, जमिनीवरचा २३.५ मीटरचा तुकडा वेगळा दाखवणारा कॅमेरा २४ दिवसांनी त्याच जागेवर येतो. त्या दिवशी ढग असले की पुढची वारी आणखी २४ दिवसांनी. म्हणजे पेरणी, लावणी, पूर, दरड, जे काही घडायचं ते कापसाखाली घडतं आणि ऑक्टोबरात आकाश निवळलं की आम्ही शहाणपण सांगायला मोकळे.

माझ्या शहाणपणाची एक गोष्ट तुला माहीतच आहे, तरी परत सांगतो. तुमच्या ओढ्याकाठचा तो पट्टा मी नकाशात छातीठोकपणे ऊस म्हणून रंगवला होता. तुला फोन केला, तर तू म्हणालास, "ऊस? अरे, तो हत्तीघास आहे, म्हशींसाठी लावलेला." दोन्ही उंच, दोन्ही दाट, दोन्ही वरून सारखेच हिरवे. तेव्हापासून नकाशा पुरा व्हायच्या आधी कुणीतरी बांधावर जाऊन पाहिल्याशिवाय मी सही करत नाही.

आता ३० जुलै या तारखेकडे येतो. तारखांत काही नसतं, मी पंचांग पाहणारा नव्हे. पण निसार उडाला त्या संध्याकाळी सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझ्या मनात मालीण होतं. ३० जुलै २०१४. डोंगराचा कडा सुटला आणि गाव गेलं. तू भाकरीची गाठोडी घेऊन निघाला होतास आणि घोडेगावच्या पुढे गाडी सोडत नव्हते. वायनाडची दरडही ३० जुलैचीच, २०२४ ची. मालीणला गाव दिसत नाही, ही खबर जगाला पहिल्यांदा कुणी दिली? उपग्रहाने नाही. रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने. आकाशात तेव्हा केवढे तरी डोळे फिरत होते, त्यांच्या आणि मालिणीच्या मध्ये ढग होते. हे मला आजही खुपतं.

निसार तिथे काय करील? नीट ऐक, कारण इथेच लोक फुगवून सांगतात. तो दर १२ दिवसांनी त्याच वाटेने परत येतो, आपल्याकडे पहाटे आणि दिवेलागणीच्या सुमाराला. पहिल्या खेपेची हाक आणि दुसऱ्या खेपेची हाक एकमेकींवर ठेवून पाहिली, की डोंगराचा उतार मधल्या काळात सेंटिमीटरभर जरी सरकला असला तरी लाटेच्या चढउतारात फरक दिसतो. लांब लाट पानांच्या आतून खाली जाते, त्यामुळे झाडोऱ्यातही थोडंफार हाती लागतं. पण मुसळधार पावसात एका रात्रीत सुटणारा कडा १२ दिवसांच्या फेरीत सापडेलच असं नाही. आपले कडे इतके उभे, की काही घळी रडारच्या सावलीत राहतात, तिथे हाक पोचतच नाही. जे उतार वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलाने खाली येताहेत, त्यांची यादी मात्र करता येईल. कुठल्या वाडीच्या डोक्यावरचा डोंगर जागचा हलतोय, एवढं पावसाळ्याआधी तहसीलदाराच्या टेबलावर पोचलं तरी मला पुष्कळ आहे. पुढे तो कागद हलतो की नाही, ते मोजणारं रडार अजून निघालेलं नाही.

आणखी एक गंमत सांगतो, मग थांबतो. अवघ्या १२ मीटरच्या ताटलीतून एवढ्या उंचीवरून दहा मीटरचा तुकडा वेगळा दिसायला नको खरं तर. हिशोबाने त्याला सुमारे १९ किलोमीटरची ताटली लागेल. एक कड नारायणगावात टेकवली, तर दुसरी मंचरच्या पुढे जाईल. मग निसार करतो काय, तर पळता पळता हजारो हाका मारतो, प्रत्येक पडसाद जपून ठेवतो, आणि खाली आम्ही ते सगळे एकत्र गुंफतो, जणू ती लांबलचक ताटली तिथे होतीच. आणि खोडदला काय आहे? ३० ताटल्या, १४ मध्ये दाटीने आणि १६ तीन बाजूंना पांगलेल्या, पार २५ किलोमीटरपर्यंत. त्या सगळ्यांचं ऐकलेलं एकत्र केलं, की एकच प्रचंड कान तयार होतो. तिकडे अनेक ताटल्या एका वेळी, इकडे एकच ताटली अनेक वेळी. गणित जवळजवळ तेच. म्हणजे मी तीस वर्षं हिंडून परत आपल्या तालुक्यातच आलो म्हण.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान उतरलं, तेव्हा तू पेढे वाटलेस आणि मला फोटो पाठवलास. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू. पण पृथ्वीकडे तोंड करून फिरणाऱ्याला कुणी पेढा देत नाही, याचं मला वाईट वाटतं. परवा अहमदाबादच्या रडारने टिपलेलं गोदावरीच्या मुखाचं चित्र प्रसिद्ध झालं, खारफुटी, शेतं, मत्स्यशेतीची तळी, सगळं वेगवेगळं. आपल्या त्र्यंबकला उगम पावणारी नदी समुद्राला भेटताना कशी दिसते, ते चंद्राच्या खड्ड्यांपेक्षा मला जास्त सुंदर वाटलं. तुला पाठवतो, मोठ्या पडद्यावर बघ.

आता मुद्द्याचं. विहिरीमागचा तुझा तो पडीक तुकडा अजून रिकामा आहे ना? तिथे मला एक खुळचट दिसणारी वस्तू उभी करायची आहे, माझ्या हौसेने आणि माझ्या पैशाने. तीन त्रिकोणी पत्रे एकमेकांना काटकोनात जोडलेले, खोलीच्या कोपऱ्यासारखे, प्रत्येकाची बाजू अडीच मीटर. अशा कोपऱ्यावर पडलेली हाक आली त्याच वाटेने परत जाते, म्हणून उपग्रहाच्या चित्रात तो ठिपका दिवा लावल्यासारखा चमकतो. त्याचं ठिकाण आपण एकदा नीट मोजून ठेवलं, की माझं गणित किती चुकतं ते मला घरबसल्या कळेल. कुठली परवानगी लागली तर ते मी बघतो. तू फक्त एवढं कळव, की वारा तिथे कुठून जास्त लागतो. कारण भरीव पत्रा लावला तर पावसाळ्यात पाणी साठणार आणि वाऱ्याने तो उडून तुझ्या द्राक्षांच्या मांडवावर जाणार. म्हणून मी तो जाळीचा करणार आहे. भोकं नखाएवढी ठेवली, की लाट गळणार नाही.

संक्रांतीच्या सुटीत येतो. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आणि तो कोपरा बिबट्याच्या पिल्लांना फार आवडेल, अशी मला भीती आहे. त्याचाही काही उपाय सुचला तर कळव.

तुझा,
सुधीर