फोन आजोबांच्याच हातात

नौपाडा, ठाणे

प्रिय सोन्या,

हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर एक अंगठा टाकून मोकळा झाला असतास. तोंडावर बोलायला जावं तर "आई, पुरे ना" म्हणून हेडफोन चढवतोस. म्हणून कागद. तुझ्या फिजिक्सच्या वहीत ठेवतेय, म्हणजे निदान परीक्षेच्या आदल्या रात्री तरी सापडेल.

वरच्या आजोबांच्या हयातीच्या दाखल्याबद्दल लिहायचंय. 'पाच मिनिटांचं काम होतं' म्हणालास. अजिबात नव्हतं. मी वाटीभर खीर घेऊन त्यांच्या दारात उभी होते आणि ती खीर हातातच गार झाली.

आजोबा पोस्टातून निवृत्त झालेले, वय त्र्याऐंशी. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी 30 नोव्हेंबरच्या आत कळवायचं, नाहीतर पेन्शन अडकते. ऐंशी ओलांडलेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, पण त्यांचं अडतं ते अंगठ्यापाशी. गेल्या वर्षी मशीनवर ठसाच जुळेना. या वयात बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. "मी आहे, पण माझा अंगठा वारलाय," असं ते सगळ्यांना हसत सांगायचे. आपल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्या दिवशी रिकाम्या हाताने जिना चढताना मात्र ते हसत नव्हते.

आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, हे तूच त्यांना सांगितलंस. पण त्यापुढचं मला जास्त आवडलं. अशा वेळी आपण सगळे काय करतो? "द्या इकडे" म्हणून फोन घेतो, टकटक दाबतो आणि "झालं" म्हणून परत देतो. समोरचा माणूस आपल्याच कामात पाहुणा होऊन बसतो. तू फोनला हात लावला नाहीस. स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होतास, मी पाहिलं. आजोबा एका बोटाने पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरचा नंबर, टाकत होते. चुकला तर तू नुसतं म्हणायचास, "शेवटून तिसरा आकडा बघा." मग पासबुकातून खाते क्रमांक. तोही एकेक आकडा मोठ्याने वाचत.

चेहऱ्याची वेळ आली तेव्हा तर मजाच झाली. अ‍ॅप म्हणतंय डोळे मिचकावा, आणि आजोबा पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे डोळे वटारून. शेवटी तू म्हणालास, "आजोबा, लग्नाआधी आजींना मारायचात तसा डोळा मारा." ते इतके हसले की दोन्ही डोळे मिटले आणि फोनने त्यांना जिवंत मानलं. आतून आजी ओरडल्या, "काय रे शिकवतोस त्यांना!" प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा मेसेज आला, तो त्यांनी दोनदा वाचून दाखवला. एकदा तुला, एकदा आजींना.

माझ्या डोक्यात मग वाशीहून परत येतानाची ती लोकल आली. तुर्भ्याला एक माणूस चढला. खांद्याला प्लंबिंगच्या सामानाची पिशवी आणि पायाला क्रेप बँडेज. रबाळे आल्यावर तू उठलास आणि त्याला म्हणालास, "बसा, मी इथेच उतरतोय." मी चाट! आपल्याला तर ठाण्याला उतरायचं होतं. तू निवांत पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिलास, माझ्याशी ओळख नसल्यासारखा. ऐरोली गेलं, दिघा गाव गेलं. ठाण्याला तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस तेव्हा त्या माणसाने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. खोटं बोलू नये, हे मीच तुला शिकवलंय. या एका खोट्याला माझी हरकत नाही.

हल्ली तलावपाळीवर कुणाला वडापाव द्यायचा तरी आधी मोबाइल रोखतात. घेणाऱ्याचा चेहरा त्यात नीट यायला हवा! मला त्या प्रकाराची शिसारी आहे, तुला ठाऊक आहे. तुझ्या मदतीत घेणाऱ्याची मान खाली जात नाही. दहावीची पुस्तकं वॉचमनकाकांच्या मुलाला देण्याआधी रात्री बसून स्वाध्यायांतली पेन्सिलची उत्तरं खोडत होतास, तेही त्यातलंच. टेबलभर खोडरबराचा भुगा. मी विचारलं तर म्हणालास, "त्याला नवीन मिळू दे ना. आणि माझी उत्तरं चुकलेलीच आहेत." दुसरं कारणही पटलं.

आता फार फुगू नकोस. घरात तुझी ही समजूत कुठे दडी मारते, देव जाणे. ताईचा चार्जर न विचारता घेतोस, वर तिच्यावरच डाफरतोस. बाबांनी एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की डोळे फिरवतोस. वरच्या आजोबांना पाचव्यांदाही शांतपणे सांगतोस, म्हणजे येतं तुला.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. काल संध्याकाळी आजोबा कट्ट्यावरून आले ते छाती पुढे काढूनच. तिथल्या एका मित्राचा दाखला त्यांनी स्वतः काढून दिला. फोन मित्राच्याच हातात ठेवून. डोळा मारायची युक्तीही वापरली म्हणे. दुसऱ्या एकांचं मात्र अडलंय, कारण आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदललाय का काय, ते आजोबांना उमगेना. त्या काकांना त्यांनी रविवारी सकाळी दहाला वर बोलावलंय. तुला विचारायचं काम माझ्याकडे आलंय.

क्लास साडेनऊला सुटतो ना? सरळ वरच जा. पोहे मी तिकडेच पाठवते.

तुझी,
आई