भिगवणच्या नाववाल्या दादांचे आभार

जानेवारीतल्या एका रविवारी आईला घेऊन पुण्याहून पहाटेच निघालो, सोलापूर रस्त्याने भिगवणला. उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे, ही तिची जुनी इच्छा. नावेत बसलो, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) दिसले, आणि त्यांच्याकडे वाकून बघताना आईचा चष्मा पाण्यात! दोष माझाच, दोरी लावायला मीच विसरलो होतो.

दादांनी लगेच इंजिन बंद केलं. जागा चुकू नये म्हणून हातातला बांबू तिथंच चिखलात रोवला आणि उतरले. पाणी मांडीपर्यंत, थंडी बोचरी. हातांनी नाही, पायांनी चाचपडत होते. "हातानं गाळ ढवळला की गेलाच चष्मा खाली," म्हणाले. पंधरा-वीस मिनिटं गेली. "राहू द्या हो," असं आई तीनदा म्हणाली.

"मावशी, पक्षी बघायला आलाय. बिनचष्म्याचं काय दिसणार?"

सापडला! बाटलीतल्या प्यायच्या पाण्याने त्यांनी तो धुतला, गळ्यातल्या पंच्याने पुसला आणि आईच्या हातात दिला. मग नाव बांबूनेच हळूहळू पुढे नेली, रोहित उडू नयेत म्हणून. उलटी चोच चिखलात घालून ते खाणं गाळत होते. आई एकेक मोजत बसली.

जास्तीचे पैसे दादांनी घेतले नाहीत. नाव विचारायचं तेवढं राहून गेलं. दादा, मनापासून आभार. आता चष्म्याला दोरी आहे.