ताई, त्या अडलेल्या बिल्डबद्दल

ताई,

समोरासमोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

सी भाषेतल्या आमच्या कोडची शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना चालताना वापरता येणारी सामायिक फाइल, करायची होती. कंपाइल व्हायचं, पण तयार झालेले तुकडे जोडताना, म्हणजे लिंक करताना, गाडी अडायची. दोन दिवस मी एररची सुरुवात तेवढी वाचून उपाय शोधत होतो. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "शेवटपर्यंत वाच. मोठ्याने." शेवटी लिहिलेलंच होतं : 'एफपिक' (-fPIC, कंपायलरला द्यायचा एक फ्लॅग म्हणजे पर्याय) देऊन पुन्हा कंपाइल करा.

मग कारणही सांगितलंत. लायब्ररी मेमरीत दर वेळी वेगळ्या पत्त्यावर चढू शकते, त्यामुळे कोडमध्ये पक्के पत्ते चालत नाहीत. घर नंबर सांगण्याऐवजी "इथून चौथं दार" असं सांगावं लागतं. हे मी आजही नवीन मुलांना तुमच्याच शब्दांत सांगतो.

मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्ड करणाऱ्या 'मेक'साठीच्या सूचनांच्या फाइलीत, तो फ्लॅग घातला, तरी एरर तीच! तेव्हा मात्र माझा धीर सुटला होता. तुम्ही शांतपणे आधी तयार झालेल्या फाइली पुसणारं 'मेक क्लीन' दिलंत. मेक फाइलींच्या वेळा बघतं. सोर्सला हात लागला नव्हता, म्हणून जुन्याच ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) लिंकरकडे जात होत्या. फ्लॅग बदलल्याचं मेकला आपणहून कळत नाही, हे मला एकट्याला किती दिवसांनी उमगलं असतं कोण जाणे.

लायब्ररी तयार झाली, पण प्रोग्रॅम सुरू होताना ती सापडेना. लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं 'एलडी लायब्ररी पाथ' लावून मी मोकळा झालो असतो. तुम्ही तसं करू दिलं नाहीत. सोनेम (लायब्ररीतच नोंदवलेलं, आवृत्तीच्या आकड्यासह तिचं नाव) द्यायला लावलंत, फाइलीच्या आतलं दाखवणाऱ्या 'रीडएल्फ'ने तो फाइलीत उमटलाय का ते दाखवलंत, मग लायब्ररींची यादी ताजी करणारं 'एलडीकॉन्फिग' चालवायला सांगितलंत. लिंकर नुसत्या 'डॉट एसओ'ने संपणारी फाइल शोधतो आणि प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी मेमरीत चढवणारा लोडर सोनेममधलं, पुढे 1 असलेलं नाव शोधतो. मधल्या सिमलिंक (खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नावं) कशासाठी असतात ते त्या दिवशी कळलं. घरी जायला तुम्हाला उशीर झाला होता, तरी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

गेल्या आठवड्यात एका फंक्शनचे आर्ग्युमेंट बदलावे लागले. जुन्या प्रोग्रॅमना ती बदललेली लायब्ररी चालली नसती, म्हणून मी सोनेममधला 1 बदलून 2 केला. आता दोन्ही लायब्ररी एकाच फोल्डरमध्ये आहेत, जुने प्रोग्रॅम पहिलीवर न अडखळता चालतात. रीडएल्फचं आउटपुट तुम्हाला पाठवलंय, सवडीने एकदा नजर टाका.

तुमचा शेजारच्या टेबलावरचा