तात्या, तुमच्या त्या शेऱ्याच्या रकान्यासाठी थँक्यू

तात्या, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बस, आधी भडंग खा" म्हणून विषय संपवता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, आता काही तुम्हाला अडवता यायचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तात्या म्हणजे माझ्या मैत्रिणीचे चुलते, सांगली जिल्ह्यात सजा, म्हणजे हाताखालची गावं, बदलत बदलत तलाठ्याची नोकरी करून रिटायर झालेले, आणि स्टार ट्रेक ही अंतराळातल्या जहाजांची अमेरिकन सिरीज दूरदर्शनवर लागायची तेव्हापासून बघणारे. आमच्या ग्रुपमध्ये एवढं जुनं कुणीच नाही. आम्ही सगळे मोबाईलवर बघितलेले लोक.

तर भांडण होतं स्टार ट्रेकच्याच 'एंटरप्राइझ' ह्या नंतरच्या सिरीजवरनं. ही सिरीज 2001 ते 2005 आली, चार सीझन, 98 भाग, पण गोष्ट 2151 पासनं सुरू होते. आणि मूळची सिरीज 1966 ते 1969 ची, तिची गोष्ट 2260 च्या दशकातली. म्हणजे पस्तीस वर्षांनी काढलेल्या सिरीजमध्ये शंभर वर्षं आधीचं दाखवायचं, त्यामुळं साठच्या दशकातल्या पुठ्ठ्याच्या सेटपेक्षा आजोबांचं जहाज जास्त चकाचक दिसणार हे आलंच. माझा मामेभाऊ म्हणायचा हे मूळ गोष्टीत बसतच नाही, ही वेगळीच टाइमलाइन धरा आणि सोडून द्या. दुसरी पार्टी म्हणायची सगळं बसतंय, तुला बघता येत नाही. विश्रामबागला रविवारी जमायचो ते हळूहळू बंद पडलं, दोघं तर एकमेकांचे फोन उचलेनात. बाहेरच्या माणसाला वाटेल एवढ्याशा गोष्टीवरनं काय, पण ज्या गोष्टीवर आपण जीव लावतो तिला कुणी खोटी म्हणलं की लागतं ओ, मला तर फार लागायचं, कारण 'एंटरप्राइझ'मधला कॅप्टन आर्चर आणि त्याच्या जहाजावरची अधिकारी टी'पॉल ही माझी सगळ्यात आवडती माणसं आहेत आणि ती 'धरायची नाहीत' हे ऐकून घेणं मला जमत नव्हतं.

तेव्हा तुम्ही ते लांबडं रजिस्टर काढलंत. लाल शाईनं पाच रकाने आखलेले: भाग, साल, कोण बोललं, नेमके शब्द, आणि शेवटी शेरा. आणि एकच अट घातलीत, की आठवणीतनं काही लिहायचं नाही, सीन लावायचा, शब्द ऐकायचे, जसेच्या तसे उतरवायचे, भांडण नंतर. "माणूस सांगतो एक आणि कागदावर असतं दुसरंच, तीस वर्षं तेच बघितलं," असं म्हणालात ते मला अजून आठवतंय.

पहिलीच नोंद रोम्युलन ह्या शत्रू जमातीची घेतली. मामेभावाचा हुकमी मुद्दा होता तो. मूळ सिरीजच्या 1966 च्या एका भागात तिथला अधिकारी स्पॉक सांगतो की माणसांचं आणि रोम्युलनांचं शंभर वर्षांपूर्वीचं युद्ध जुनाट अणुशस्त्रांनी आणि जुनाट जहाजांतनं झालं, समोरासमोर चित्र दिसायची सोय नव्हती, त्यामुळं दोन्हीकडच्यांनी एकमेकांना कधी बघितलेलंच नाही. आणि इथं आर्चरच्या जहाजावर टॉर्पेडो काय, माणसाला क्षणात दुसरीकडं पोचवणारा ट्रान्सपोर्टर काय, स्क्रीनवर बोलणं काय, म्हणजे खोटं! तुम्ही तो सीन परत मागं घ्यायला लावलात. परत ऐकला. स्पॉक 'जुनाट' म्हणायच्या आधी 'आजच्या आपल्या मापानं' असं म्हणतो. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात नव्हतं, आणि वर्षानुवर्षं आम्ही त्यावर भांडत होतो. मग तुम्ही 2002 आणि 2005 चे रोम्युलनांचे भाग लावायला सांगितलेत आणि दिसलं की लिहिणाऱ्यांनी खरंच सांभाळलंय, आवाज ऐकू येतो पण तोंड दिसत नाही, नंतर तर ते लांबनं चालवायचं जहाज आणतात, आपण प्रेक्षक रोम्युलन बघतो पण आर्चर आणि त्याची माणसं बघत नाहीत. शेरा: मेळ बसतो.

पण त्याच भागातनं दुसरी नोंद निघाली आणि तिथं आमची पार्टी गप्प झाली. 1966 मध्ये स्पॉक अदृश्य व्हायच्या तंत्राबद्दल 'तत्त्वतः शक्य आहे, पण ताकद फार लागेल' असं बोलतो, म्हणजे त्याला ते नवीन आहे. आणि 2002 च्या भागात आर्चरच्या डोळ्यांदेखत रोम्युलन जहाजं हवेतनं प्रगट होतात. मी स्वतः चार पळवाटा काढल्या, ती माहिती गुप्त ठेवली असेल, तंत्र वेगळं असेल, वगैरे. तुम्ही विचारलंत, हे पडद्यावर कुणी बोललंय का? नाही बोललेलं. मग शेरा: मेळ बसत नाही. तुम्हालाही ही सिरीज आवडते हे मला माहीत आहे, तरी तुम्ही तसं लिहिलंत, आणि मला वाटतं मामेभाऊ त्या दिवसापासनं परत यायला लागला तो ह्याच एका ओळीमुळं.

क्लिंगॉन ह्या लढवय्या जमातीच्या कपाळाचं तर काय सांगावं, तुमचा आवडता विषय. साठच्या दशकात कपाळ सपाट, 1979 च्या सिनेमात एकदम उंचवटे, 1996 मध्ये दुसऱ्या एका स्टार ट्रेक सिरीजमधल्या वॉर्फ नावाच्या क्लिंगॉनाला विचारलं तर तो म्हणतो आम्ही बाहेरच्यांशी त्याबद्दल बोलत नाही, आणि शेवटी 2005 मध्ये 'एंटरप्राइझ'नंच दोन भागांत कारण दिलं, माणसांच्या सुधारित जनुकांचा प्रयोग अंगलट आला आणि साथ पसरली. म्हणजे जी सिरीज सगळं बिघडवते असं म्हणत होते तिनंच सव्वीस वर्षांचं घोंगडं भिजत पडलेलं बाहेर काढलं. माझ्या मते चौथा सीझन निर्माते मॅनी कोटोंच्या हातात गेल्यावर हे काम मनापासून झालं. व्हल्कन लोक, म्हणजे स्पॉक आणि टी'पॉलची जमात, आधीच्या सीझनमध्ये असे खडूस आणि खोटं बोलणारे का दाखवलेत, मनाशी मन जोडण्याला ते घाण का मानतात, ह्यावर मीही चिडलेली, आणि 2004 च्या त्या तीन भागांत कळतं की त्यांचा जुना गुरू सुराक, त्याची मूळ शिकवणच हरवलेली असते आणि ती परत सापडते. ते भाग लागले की मला रडू येतं. तुम्ही तेव्हा काही न बोलता नुसती नोंद पुढं सरकवलीत, त्याबद्दल वेगळं थँक्यू.

आणि ती थडग्याची नोंद! मूळ सिरीज म्हणजे पक्का दस्त, असं धरून चाललेलो आम्ही सगळे. तुम्ही 1966 चाच एक भाग लावलात, त्यात मूळ सिरीजचा कॅप्टन कर्क, त्याच्या थडग्यावर जेम्स आर. कर्क असं कोरलंय, आणि पुढं सगळीकडं तो जेम्स टी. कर्क. म्हणजे मूळ मालकाच्या कागदातच नाव चुकलंय. तिथं तुम्ही सातबाऱ्याचं सांगितलंत, की जुनी नोंद कुणी फाडून टाकत नाही, तिला कंस करतात, वर फेरफाराचा नंबर पडतो, आणि ज्याला बघायचंय त्याला दोन्ही दिसतं. मामेभाऊ त्यावर लई वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, असं असेल तर 1979 च्या सिनेमात भिंतीवर एंटरप्राइझ नावाच्या जहाजांची चित्रं आहेत त्यात आर्चरचं जहाज नाही, तेही लिहा. लिहिलं. लिहायलाच पाहिजे होतं, मुद्दा बरोबर आहे त्याचा.

त्याचं मत अजून तेच आहे की ही सिरीज पूर्ण बसत नाही. माझं मत अजून तेच आहे की बसते, थोडी घासून. पण आता तो पान उघडून बोट ठेवून बोलतो आणि मीही तशीच बोलते, कुणी कुणाची अक्कल काढत नाही, आणि तासगावचा आमचा तो दोस्त, ज्यानं बघायचंच सोडलेलं, त्यानं पहिल्यापासनं परत सुरू केलंय, रात्री बारा वाजता मेसेज टाकतो 'फेरेंगी आले पण नाव कुणीच घेतलं नाही, नोंद करा', कारण ह्या जमातीची माणसांशी ओळख पुढं चोविसाव्या शतकातल्या सिरीजमध्ये व्हायची असते. बोर्ग ह्या अर्धयंत्र शत्रूंचंही तसंच, नाव न घेता आणलेत आणि त्यांचा निरोप पोचायला निदान दोनशे वर्षं लागणार म्हणून हिशोब बरोबर चोविसाव्या शतकात नेऊन बसवलाय. हे पण तुमच्याच अक्षरात आहे रजिस्टरमध्ये.

काकूंनाही थँक्यू सांगा, एवढा गोंधळ घरात चालू देतात आणि वर चहाला नाही म्हणत नाहीत.

आता राहिली स्पॉकची बहीण. 2017 ला 'डिस्कव्हरी' ह्या नव्या स्टार ट्रेक सिरीजमध्ये ती अचानक आली, पन्नास वर्षं त्यानं कधी नाव काढलं नव्हतं. मामेभाऊ जोरात आहे. मी म्हणणार आहे की 1989 च्या सिनेमात त्याचा सावत्र भाऊ असाच अचानक आलेला, तेव्हा हा माणूस घरचं काही सांगतच नाही. तुम्ही फोनवर म्हणालात वारस नोंदी अशाच उशिरा निघतात, आधी कागद बघू. रविवारी दुपारी सगळे येतोय. नवीन रजिस्टर मी हरभट रोडवरनं घेतलंय, रकाने तेवढे तुम्ही आखा.