काका, त्या दिवशी मला अडवलंत म्हणून

काका, समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही हात झटकून "चल, वॉर्मअप कर" म्हणणार, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

आठवतंय ना, ग्राउंडवर पळायला आलो तेव्हा ९४ किलो वजन, कॉलेजात लिगामेंट गेलेला डावा गुडघा, पायात कोरे करकरीत शूज आणि अर्ध्या राउंडमध्ये मी गार. तरी इरेला पेटून रोज पळत सुटायचो, तीन आठवड्यांत दम बराच टिकायला लागला, वाटलं जमलं की आपल्याला, आणि नेमकी तेव्हाच नडगी ठणकायला लागली. लंगडत पळताना बघून तुम्ही कट्ट्यावर बसवलंत, नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खालून वर आणलात आणि विचारलंत, "एकाच जागी कळ येते की पट्टाभर दुखतंय?" पट्टाभर म्हटल्यावर तुमचा चेहरा जरा सैल झाला. एकाच जागी असतं तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक चीर पडल्याची शंका, हे मला नंतर कळलं. तरीपण डॉक्टरला दाखवल्याशिवाय ग्राउंडवर दिसू नकोस असा दम भरलात (बरं केलंत, मी बाम चोळून पळालोच असतो).

"दम लवकर वाढतो रे, हाडं मागून येतात, त्यांच्यासाठी थांब जरा." हे तुमचं वाक्य.

परत आलो तर एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल! लाज वाटायची हो, शेजारून पोरं सुसाट जायची. मग तुम्ही जेफ गॅलोवेचं सांगितलंत, १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळालेला माणूस, आणि त्यानेच लोकांना मध्येमध्ये चालायला शिकवलं, तिथे माझी लाज कसली. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश खाली सोडायचा तो कंटाळवाणा व्यायाम अजून करतो, खरंच. आणि पळताना मला ऑफिसचे किस्से सांगायला लावायचात, वाक्य मध्येच तुटलं की लगेच "स्पीड कमी!" मला वाटायचं काकांना गॉसिपची आवड आहे, तुम्ही तर माझा दम तपासत होतात.

गेल्या महिन्यात १० किमी झाले, १ तास ३१ मिनिटं, शेवटी बराचसा चाललोच. नडगी गप्प होती, गुडघा थोडा कुरकुरला.

आणि हो, हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरलाय, तुम्हाला न विचारता. ओरडायचं असेल तर रविवारी पळता पळता ओरडा, बघू तुमचं वाक्य तुटतं का.