वाफेच्या मशीनचा कप नुसता नळाखाली धरून भागत नाही

मा. संपादक, नमस्कार.

पाऊस लागला की कोल्हापुरात घरोघरी वाफेची मशीन बाहेर निघतात म्हणून हे लिहितेय. माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, त्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे. जन्मापासूनच छातीतला कफ घट्ट, चिकट, सुटता सुटत नाही आणि त्यात जंतू घर करतात. तान्हा असताना पापा घेतला की खारट लागायचा, तेव्हा कुणालाच काही कळलं नाही, पुढं घामाच्या टेस्टमध्ये निदान झालं. आता रोज नेब्युलायझर लागतो, म्हणजे तेच वाफेचं मशीन, कपात औषध घालून त्याचा बारीक फवारा श्वासातून घ्यायचा.

मशीन घेतलं तेव्हा दुकानात सांगितलं, वापरून झालं की नळाखाली खंगाळा, बास. आम्ही दीड वर्ष तेच केलं. मग थुंकीच्या तपासणीत स्युडोमोनास निघाला. तो कपातूनच गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण हा जंतू ओलाव्यात, नळात, बेसिनच्या जाळीत राहतो हे कळल्यापासून ते दीड वर्ष माझ्या डोक्यातनं जात नाही.

आता हात धुऊन, प्रत्येक वेळी वाफ झाली की लगेच कप आणि माउथपीस सुटे करून भांड्याच्या लिक्विडनं धुते, कारण औषध वाळून बसलं की निघत नाही, आणि मग वेगळ्या पातेल्यात 5 मिनिटं खळखळ उकळते (तुमच्या मशीनचे भाग उकळायला चालतात का ते आधी पुस्तिकेत बघा, सगळे चालत नाहीत, हवेची नळी तर पाण्यात घालायचीच नाही). उकळणं जमत नसेल तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 5 मिनिटं किंवा 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये 30 मिनिटं बुडवून ठेवतात, पण नंतर विसळायचं ते 5 मिनिटं उकळून झाकून गार केलेल्या पाण्यानंच. नळाला काळम्मावाडीचं येऊ दे नाहीतर पंचगंगेचं, आरओचं असू दे नाहीतर बाटलीतलं, प्यायला ठीक आहे, या कामाला नाही. व्हिनेगर पण मला बऱ्याच जणींनी सुचवलं, ते पुरत नाही.

आणि वाळवणं! जुलैत आमच्याकडं कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत तिथं कप काय वाळणार, म्हणून दोन सेट घेतलेत, एक वापरात आणि एक स्वच्छ टिश्यूवर पसरलेला. ओला कप डब्यात बंद करून ठेवला तर आधीची सगळी मेहनत वाया.

माझी विनंती दवाखान्यांना आहे. मशीन लिहून देताना धुवायचं कसं हे मराठीत एका कागदावर द्या, नर्सताईंनी एकदा हातात घेऊन दाखवलं तर आणखी चांगलं. आणि कृपा करून एकाचा मास्क आणि कप दुसऱ्या पोराला लावू नका. मागच्या महिन्यात एका दवाखान्यात आमच्या आधीच्या बाळाचा मास्क नुसता कापसानं पुसून माझ्या मुलाला लावायला निघाले होते, मी पिशवीतला आमचा काढून दिला म्हणून बरं.

– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर